सत्तावीस बाय चाळीस

माझं आयुष्य लेथवर गेलं.
केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक झाली
की जॉब भंगारात.
आणि आता मुजावर मॅडम म्हणतात,
काका, बांधकाम आहे,
भिंत इंचभर इकडेतिकडे होणारच.

आंबेगावात, गल्लीच्या टोकाला, एक गुंठा.
पुढून इतकं सोडा, मागून इतकं सोडा,
बाजूंनी वारा खेळायला सोडा.
सोडून सोडून उरलं ते
नकाशावर काडेपेटीएवढं.

वर चढवा की, सगळे म्हणाले.
मेव्हणा म्हणाला, बोअरवाला म्हणाला,
समोरच्या चार मजल्यांच्या सावलीत
भेळेची गाडी लावणारासुद्धा म्हणाला,
वरचा मजला भाड्याने द्या,
हप्ता परस्पर फिटेल.

बरोबरच आहे त्यांचं.
पण शकूची खुर्ची जिना चढत नाही.
अकरा वर्षं माझी बहीण
बिबवेवाडीत, भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर.
खाली उतरते दवाखान्यासाठी आणि मतदानाला,
माझ्या आणि तेजसच्या हातांवर,
आणि दर वेळी विचारते,
वजन वाढलंय का रे माझं?

कागदावर सगळं बसत होतं.
कागदावर बसतंच.
म्हणून रविवारी गच्चीवर
मी दोरी, टेप आणि खडूचा डबा नेला,
आणि घर काढलं, एकास एक.
पाण्याची टाकी नेमकी स्वयंपाकघरात आली.
तिला फ्रिज म्हणायचं ठरलं.

मालन चहा घेऊन आली ती थेट भिंतीतून.
अगं, भिंत आहे!
तशी मागे वळली, कप सांभाळत,
हॉलच्या दारातून रीतसर आत आली.
तेजस त्याच्या खोलीत आडवा झाला,
पाय शेजाऱ्यांच्या हद्दीत.
तिरका झोप, म्हटलं.
तो म्हणाला, जन्मभर?

मग दोघांनी शकूला वर आणलं.
हॉल पास. तिची खोली पास.
खिडकीपाशी थांबली,
हवेत हात ठेवून म्हणाली, कठडा इथं हवा.
मला बसूनच बघायचंय
रस्त्यावर कोण कोणाशी भांडतंय ते.
मी खडूनं आकडा लिहिला: अडीच फूट.

न्हाणीघरात खुर्ची वळेना.
एकदा पुढून, एकदा उलटी.
मागचं चाक दर वेळी रेषेवर,
भिंत पुसट होत गेली.
जागा चार फूट पाच इंच.
राहू दे, शकू म्हणाली,
मी दार उघडंच ठेवत जाईन.

कोणी काही बोललं नाही.
खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली.
मालननं पदर खोचला,
ओलं फडकं आणलं,
गुडघ्यावर बसून ती रेषा पुसली.
माझ्या ओट्यातले नऊ इंच घ्या, म्हणाली,
तसाही त्या कोपऱ्यात नुसता पसाराच साठतो.

मी टेप लावली, पुन्हा लावली.
नऊ नकोत. सात पुरतात.
दोन इंच तुझे तुला परत.

नवी रेषा ओढली. शकू आत गेली,
अख्खी एक गिरकी घेतली,
मग आणखी एक, गरज नसताना.
मग म्हणाली, आता बाहेर व्हा सगळे,
दार लावायचंय मला.
आम्ही बाहेर झालो, पाठमोरे,
भर गच्चीत, उन्हात.

मॅडमचा फोन आला तेव्हा बदल सांगितले.
त्यांनी विचारलं, आणि उंबरा?
आई होती तोवर रोज उंबऱ्यावर हळदकुंकू.
बिनउंबऱ्याचं घर तिनं मानलं नसतं.
पण अर्धा इंच वर आला
तरी शकूच्या घरात शकू पाहुणी.

पितळेची पट्टी घालू, म्हटलं,
फरशीत बुडवून, अगदी सपाट.
तेवढी मिस्त्रीला देऊ नका.
मी घासेन, मीच बसवेन.

तिथं इंचभर काय,
केसभरही चालणार नाही.